नववा प्रश्न

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, भाजीबाजाराजवळच्या सिग्नलला, डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं इंजिन मेलं.

मरताना त्याने बराच तमाशा केला. आधी बॉनेटच्या फटीतून वाफ, मग तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज, मग एक खोल खाकरा आणि मग शांतता. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून श्रद्धांजली वाहिली. दहा-बारा माणसं जमली आणि जमलेल्या प्रत्येकाला गाडीतलं सगळं कळत होतं. एक म्हणाला पंप गेला. दुसरा म्हणाला पिस्टन. तिसऱ्याने रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचा सल्ला दिला आणि स्वतः चार पावलं मागे सरकून उभा राहिला. चौथ्याने समोरच्या टपरीवरून नळाच्या पाण्याची बादली आणून ओतली आणि मोठं काम केल्यासारखे हात झटकले.

डॉक्टरीणबाई डोळ्यांच्या सर्जन. डोळ्यात थेंब घालून पडलेला एक म्हातारा पेशंट दवाखान्यात दीड तास छताकडे बघत राहिला आणि त्या भर उन्हात चालत गेल्या.

गुरुवारी गॅरेजने निदान दिलं : उष्णतेने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं आणि त्याखालचं गॅस्केट जळालं. शुक्रवारी घरच्या जावयांनी निकाल दिला : चूक ड्रायव्हरची. सोमवारी अकरा वाजता नवा ड्रायव्हर हजर होणार होता. जुन्याने मागच्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या होत्या, कारण खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या. पन्नाशीचा माणूस, बायको, अठरा वर्षांची नोकरी. आणि मालकाचं इंजिन जाळलेल्या ड्रायव्हरच्या हातात पुन्हा कोण किल्ली देतो?

डॉक्टरीणबाईंना हे काही पटेना. शनिवारी सकाळी त्यांनी बाईंना फोन लावला.

बाई म्हणजे तंत्रशाळेत चौतीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग चालवून निवृत्त झालेल्या बाई. शहरातल्या दर दुसऱ्या गॅरेजात त्यांचा एखादा विद्यार्थी बॉनेटखाली डोकं घालून उभा असे, आणि बाईंचं त्या सगळ्यांविषयी एकच मत होतं : डोकं आत घातलंय, डोक्यात मात्र काही घातलेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्यांचा मोतीबिंदू काढला होता. तेव्हापासून बाईंना माणसं स्वच्छ दिसू लागली होती आणि पूर्वीपेक्षाही कमी आवडू लागली होती.

"बाई, काढायचाच असेल तर खऱ्या कारणासाठी काढीन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जावई म्हणतात म्हणून नाही. सोमवारच्या आत बघाल का?"

"बघते. ड्रायव्हर कोण तुमचा?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बाई फोनवरच हसल्या, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

"त्याला ओळखते की मी. माझ्याच वर्गातला. एका गुणाने नापास. पेपरात विचारावं एक, तर हा लिहायचा भलतंच. अशा माणसाने इंजिन जाळलं नसतं तरच मला नवल वाटलं असतं."

२

जावईबापू कुठल्याशा कंपनीत सल्लागार होते. न विचारता सल्ला द्यायच्या सवयीबद्दल त्यांना तिथे पगार मिळत असे. घरी ते हेच काम फुकट करत.

"मॅडम, मी ह्या विषयावर तेवीस व्हिडिओ बघितलेत," बाई घरी येऊन पोहोचताच त्यांनी सुरुवात केली.

"हात धुतलेत का नंतर?"

"हात? का?"

"काळे झाले असतील म्हणून विचारलं."

जावईबापूंना ते कळायला थोडा वेळ लागला, तेवढ्यात बाई खुर्चीत बसल्याही. जावईबापूंचं म्हणणं थोडक्यात असं : गॅरेजने रेडिएटर उघडला तेव्हा आत इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट नव्हतं, नुसतं नळाचं पाणी होतं. म्हणजे ड्रायव्हरने कूलंट काढून विकलं आणि आत पाणी भरलं. पाणी उकळलं, इंजिन गेलं. "ओपन अँड शट केस," असं म्हणून त्यांनी फोन उघडला आणि बंद केला.

दुसरी साक्ष आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या थोरल्या नणंद. फाटक उघडायचं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. त्यांनी ते घेतलं होतं आणि ते त्या कुणाला परत करणार नव्हत्या. गाडीचा हॉर्न वाजला की त्या धावत जात, कडी काढत आणि गाडीच्या नाकासमोर उभ्या राहून ड्रायव्हरला हाताने 'ये, ये' करत. अठरा वर्षं.

"बाई, ती गाडी ना, माझ्यावर फुत्कारते हो," आत्याबाई म्हणाल्या. "हल्ली हल्लीच. पोटऱ्या भाजतात माझ्या. आधी अशी नव्हती ती. आणि माझा पुदिना बघा तुम्ही, भिंतीलगतचा. पार करपला."

बाईंनी डोळे मिटले. चौतीस वर्षं असल्या गोष्टी ऐकल्या होत्या त्यांनी. गाडी रुसते, गाडी रडते, गाडीला दृष्ट लागली.

"आत्याबाई, तापलेली गाडी गरमच असणार. आणि पुदिन्याला पाणी घाला."

"घालते की! दोन वेळा घालते!" आत्याबाई रागाने आत गेल्या.

मग ड्रायव्हर आला. उंच, वाळका, शर्टाच्या खिशात घडी केलेलं फडकं. तीस वर्षांनी बाईंसमोर उभा राहिला तोही वर्गात उभा राहायचा तसाच, हात मागे बांधून.

"इंजिन तापतंय हे तुला ठाऊक होतं?"

"होय, बाई."

"किती दिवसांपासून?"

"पाच आठवडे."

"घरी सांगितलंस?"

"होय, बाई. जावईसाहेबांना. तीनदा."

"तीनदा गॅरेजला पाठवली की!" जावईबापू म्हणाले.

"मोठ्या रस्त्यावर, वेगात तापायची?"

"नाही, बाई."

"गर्दीत, रांगत जाताना?"

"होय, बाई."

"एसी लावल्यावर जास्त?"

"होय, बाई."

"रेडिएटरचा पंखा फिरत होता?"

"होय, बाई."

बाईंना वैताग आला. विचारलं तेवढंच बोलायचं आणि मग तोंडाला कुलूप. पेपरात पानं भरून लिहिणारा हाच का तो? तेव्हा नको तिथे बोलायचा, आता हवं तिथे बोलत नाही. काही माणसांना वेळ कधी साधतच नाही.

मधेच जावईबापू कधी उठून गेले ते कळलं नाही. परत आले ते धापा टाकत. त्यांच्या हातात प्लास्टिकचा एक कॅन होता, अर्धा भरलेला. आतला द्रव हिरवागार होता.

"ह्याच्या खोलीत, खाटेखाली!" त्यांनी कॅन टेबलावर आदळला. "घ्या!"

बाईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं.

"हे कूलंट तू तिथे ठेवलंस?"

"होय, बाई," ड्रायव्हर म्हणाला.

३

जावईबापूंचा चेहरा असा फुलला की बाईंना त्याच क्षणी ड्रायव्हर निर्दोष असावा असं वाटू लागलं. आता हे काही तर्काला धरून नव्हतं, पण बाईंचा माणसांबाबतचा अंदाज क्वचितच चुकत असे, आणि एवढ्या खूश झालेल्या माणसाचं बरोबर असू नये अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

"गाडीतून काढून आणलंस, की दुकानातून आणलंस?"

"दुकानातून."

"कशाला?"

"उकळून सांडायचं, बाई. रोज सकाळी कमी झालेलं भरायचो."

"मग गॅरेजवाल्याला आत नळाचं पाणी कसं मिळालं?"

"मंगळवारी होतं नव्हतं ते सगळं रस्त्यावर सांडलं. मग लोकांनी बादली ओतली."

"तू अडवलं नाहीस?"

"अडवलं. चौघं होते."

बाई जावईबापूंकडे वळल्या. "तुमचा मुद्देमाल उचला. गाडीत स्वतः भर घालणारा चोर मी अजून पाहिला नाही. आणि हा माणूस न विचारता सांगणार नाही हे कळल्यावर तुम्ही त्याला काही विचारलंच नाहीत."

"बरं, चोर नसेल," जावईबापू सहजासहजी हटणारे नव्हते. "पण हयगय? गॅरेजने सगळं तपासलं होतं. सगळं ठीक होतं. मग उरलं कोण? चालवणारा."

हे मात्र खरं होतं, आणि मूर्खाच्या तोंडून खरं ऐकावं लागणं ह्यासारखा दुसरा छळ नाही. बाई तडक गॅरेजात गेल्या.

गॅरेजचा मालक बावीस वर्षांपूर्वी वर्गात 'जाड्या' होता. आता मालक झाला होता आणि आणखी जाड. बाईंना बघून त्याने हातातला पाना खाली ठेवला, बिडी चपलेखाली चिरडली आणि एकदम पंधरा वर्षांचा झाला.

भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद होता. 'इंजिन तापण्याची तपासणी. सोळा प्रश्न. होय / नाही.' बाईंनीच पहिल्या वर्षी तयार केलेली यादी. शहरातल्या प्रत्येक गॅरेजात तिची प्रत होती आणि प्रत्येक गाडीसाठी ती भरली जाई. बाईंचा साधा हिशेब होता : ह्या पोरांना विचार करायला सांगितलं तर गिऱ्हाईक मरेल, त्यापेक्षा खुणा करू द्याव्यात.

जाड्याने ह्या गाडीचे कागद काढले. पाच आठवड्यांपूर्वी पंख्याची मोटर आवाज करत होती म्हणून बदलली. मग गाडी तापते अशी तक्रार; थर्मोस्टॅट बदलला. पुन्हा तापते, पाण्याचा पंप बदलला. पुन्हा, रेडिएटर धुतला. दर वेळी सोळाच्या सोळा प्रश्नांना खुणा.

"भाग नुसते बदलत सुटलात," बाई म्हणाल्या. "डोकं तेवढं बदलायचं राहिलं. मला सांग, गाडी पळताना थंड राहते आणि रांगताना तापते. पाणी दोन्ही वेळा तेच. पंप तोच. थर्मोस्टॅट तोच. पळताना असं काय मिळतं जे रांगताना मिळत नाही?"

जाड्याने छताकडे बघितलं. "वारा, बाई."

"शाब्बास. बावीस वर्षांनी का होईना. आणि गाडी उभी असताना वारा कोण देतो?"

"पंखा."

"म्हणजे तुमचा पंखा फिरत नाही. संपलं. ह्यासाठी तेवीस व्हिडिओ लागत नाहीत."

जाड्या घुटमळला. मग त्याने गाडी सुरू केली; नवं हेड आणि गॅस्केट बसवून ती सकाळीच तयार झाली होती. एसीचं बटण दाबलं. बॉनेटखाली घुर्र झालं, आणि रेडिएटरमागची पाती बघता बघता एक धूसर चकती झाली.

पंखा फिरत होता. झकास फिरत होता. यादीत नवव्या प्रश्नापुढे तीन वेगवेगळ्या हातांनी खुणा होत्या : 'पंखा फिरतो का? होय. होय. होय.'

बाईंनी वाकून मोटरच्या तारा पाहिल्या. ही मोटर भंगारातल्या दुसऱ्या कुठल्या गाडीची, त्यामुळे तारा कापून जोडलेल्या. पण जोड काय सुंदर होता! सात पीळ, कथलाचा गोल डाग, वर घट्ट नळी. असा जोड त्यांच्या वर्गाबाहेर कुणी करत नसे.

"कुणी केलाय हा?"

"चष्मिस वायरमनने. तुमच्याच वर्गातला."

"दिसतंच आहे," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांना कुणाचा तरी तिरस्कार वाटला नाही. ज्याने असा जोड केला तो चुकणार नाही, असं ठरवून त्यांनी बॉनेट खाली आपटलं.

पण मग गाडी तापत का होती?

४

रविवारी भर दुपारी बाईंनी गाडी बाजारात न्यायला लावली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर, बाई शेजारी, मागे जावईबापू. नवं हेड, नवं गॅस्केट, काठोकाठ नवं कूलंट. आता तापायला कारणच नव्हतं.

मोठ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर शहाण्यासारखा बसून राहिला. बाजाराच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली, गाडी पावला-पावलाने सरकू लागली, आणि काटा उठला.

"पंखा लागला?" बाईंनी विचारलं.

"होय, बाई."

"लागल्यावर काटा खाली यायचा?"

"नाही, बाई."

"जागच्या जागी राहायचा?"

"नाही, बाई."

पुढचा प्रश्न अगदी ओठांवर होता, पण मागून जावईबापूंनी तोंड घातलं. "मॅडम, बघा, हा क्लच कसा दाबतोय! ह्यानेच तापते!"

"होय-नाही, होय-नाही!" बाईंनी दोघांवरचा राग एकावर काढला. "तुझ्या तोंडात दुसरे शब्द आहेत की नाहीत?"

ड्रायव्हरने क्षणभर विचार केला. "आहेत, बाई."

आणि त्याने गाडी आणखी एक पाऊल पुढे सरकवली.

काटा लाल पट्ट्याला टेकायला आला तशी बाईंनी फर्मावलं, "एसी बंद. काचा खाली. हिटर पूर्ण लाव. इंजिनाची उष्णता आत घे." ऐन उन्हाळ्यात गाडीत भट्टी सुरू झाली. काटा कुरकुरत थोडा उतरला. जावईबापूंच्या शर्टाचा रंग बदलला, कपाळावरचे केस चिकटले, आणि सल्ला पहिल्यांदाच आटला. बाईंनी गरज होती त्यापेक्षा पाच मिनिटं जास्त हिटर चालू ठेवला.

"सिद्ध झालं," घरी पोहोचता पोहोचता जावईबापू मागून पुटपुटले. "सगळं नवं घातलं तरी ह्याच्या हातात गाडी तापते. उद्या नवा माणूस येतोय तेच बरं."

बाईंनी मनातल्या मनात सोळाही प्रश्न पुन्हा तपासले, तरी कारण सापडेना. ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट होती आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. शेजारी बसलेल्या माणसाच्या घराचं छप्पर उद्या अकरा वाजता जाणार होतं आणि तो मात्र आरसा पुसत होता.

फाटकाशी आत्याबाईंनी कडी काढली, गाडीसमोर उभ्या राहून हात केला आणि टुणकन बाजूला उडी मारली. "बघा! फुत्कारली की नाही!"

कुणी लक्ष दिलं नाही. गाडी नेहमीच्या जागी, भिंतीकडे नाक करून उभी राहिली. समोर भिंतीलगत आत्याबाईंच्या सात कुंड्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पंखा मात्र अशा गाड्यांत फिरतो तसा आणखी थोडा वेळ फिरत राहिला.

बाई पायरीवर टेकल्या. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, जरा आपटूनच. बाई पाणी प्यायल्या आणि उगाच समोर बघत बसल्या. दोरीवरचे कपडे लोंबत होते, हलत नव्हते. वाऱ्याची झुळूक नव्हती. भिंतीलगतच्या सात कुंड्यांपैकी दोन्ही टोकांच्या मिळून चार हिरव्यागार होत्या. मधल्या तीन, गाडीच्या नाकासमोरच्या, तपकिरी झाल्या होत्या.

आणि मधल्या कुंडीतला करपलेला पुदिना थरथरत होता. भिंतीकडे झुकून थरथरत होता.

बाई उठल्या. गाडीपाशी जाऊन त्यांनी पुढच्या जाळीसमोर तळहात धरला. मग त्यांनी एक असा शब्द उच्चारला जो चौतीस वर्षांत वर्गात कधी उच्चारला नव्हता.

५

सोमवारी नऊ वाजता गॅरेजात सगळे हजर होते. डॉक्टरीणबाई, घड्याळाकडे बघणारे जावईबापू, ड्रायव्हर, जाड्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेला वायरमन, आणि कुणी न बोलावलेल्या आत्याबाई.

"पाच आठवडे," बाईंनी सुरुवात केली, "ह्या गाडीकडे तीन मेकॅनिक, एक सल्लागार आणि कालपर्यंत मी, अशी शहाणी माणसं बघत होती. खरी साक्ष दिली ती आत्याबाईंनी. पहिल्या पाच मिनिटांत. आणि मी त्यांना पुदिन्याला पाणी घालायला सांगितलं."

"दोन वेळा घालते," आत्याबाई म्हणाल्या.

"निरोगी गाडीचा पंखा काय करतो? समोरची थंड हवा रेडिएटरमधून आत ओढतो. म्हणून गाडीच्या नाकासमोर उभं राहिलं तर पोटऱ्यांना काही कळायला नको. ह्यांच्या पोटऱ्या भाजत होत्या. पुदिना करपत होता. तीनच कुंड्या, बरोब्बर जाळीसमोरच्या."

बाईंनी भिंतीवरची सोळा प्रश्नांची यादी खिळ्यावरून काढली, प्लास्टिकमधून कागद सोडवला. जाड्याने गाडी सुरू करून एसी लावला. पंखा घुरघुरला.

"हवा आत जात असेल तर हा कागद जाळीला चिकटेल," बाई म्हणाल्या आणि कागद जाळीवर ठेवून त्यांनी हात काढला.

कागद उडाला आणि थाडकन बाईंच्याच तोंडावर बसला.

कुणी हसलं नाही. वायरमनला हसायचं होतं, पण त्याला अजून जगायचं होतं.

"पंखा फिरतोय," बाईंनी कागद तोंडावरून ओढून काढला. "उलटा फिरतोय. इंजिनाजवळची गरम हवा पुढे फेकतोय. चकती झाल्यावर पाती कुठल्या बाजूला फिरतात ते डोळ्यांना दिसत नाही. वेगात जाताना समोरचा वारा त्याला पुरून उरतो, म्हणून गाडी थंड. गर्दीत समोरून येणारा किंचित वारा आणि आतून येणारा पंख्याचा वारा एकमेकांना अडवून धरतात, रेडिएटरमधून काहीच जात नाही. एसी लावला की पंखा सतत चालू, म्हणून जास्त तापायची. आणि गॅरेजात सकाळच्या गारव्यात दहा मिनिटं चालवून बघितली की सगळं ठीक."

"म्हणजे घातपात!" जावईबापू ओरडले. "कुणीतरी मुद्दाम—"

"मुद्दाम काही करायला अक्कल लागते. इथे नाही ती." बाई वायरमनकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की वर्गात पेन्सिली खाली पडत. "मोटरच्या दोन तारा. एक अधिक, एक वजा. उलट जोडल्या की मोटर उलट फिरते. हे मी पहिल्या आठवड्यात शिकवायचे. दुसऱ्या गाडीची मोटर, रंग वेगळे, तू आधी बॅटरीला लावून तपासलं नाहीस? एवढा देखणा जोड केलास आणि डोळे कुठे होते तुझे?"

वायरमनने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मिटलेले होते, बाई."

"काय म्हणालास?"

"तुम्हीच शिकवलंत." तो घाबरला होता, पण पाठ केलेलं घडाघडा आलं. "काळी तार वजा. काळ्याला काळी जोडा, डोळे मिटून जोडा, प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारणारा बोटं भाजून घेतो. त्या मोटरला काळी तार अधिकची होती, बाई. मला काय ठाऊक? मी काळ्याला काळी जोडली."

जाड्याने घसा खाकरला. "आणि बाई, नववा प्रश्न. पंखा फिरतो का, होय की नाही. आम्ही तिन्ही वेळा बघितलं. फिरत होता. कुठल्या बाजूला हे यादीत नाहीच."

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यांचंच अक्षर होतं.

वायरमनने तारा कापल्या, उलटवून जोडल्या. सात पीळ, डाग, नळी. तीन मिनिटं लागली. बाईंनी कागद पुन्हा जाळीवर ठेवला, आणि तो तिथे असा चिकटला की ओढून काढावा लागला.

डॉक्टरीणबाई जावयाकडे न बघता म्हणाल्या, "नव्या ड्रायव्हरला फोन करा. येऊ नका म्हणावं." मग ड्रायव्हरकडे वळल्या. "तुम्हाला कधी शंका आली नाही हो?"

"आली होती, बाईसाहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"इथे बोललो होतो. मोटर बदलल्यावर पंख्याचा आवाज वेगळा येतोय म्हटलं. हे म्हणाले, फिरतो ना? होय की नाही तेवढं सांग." त्याने जाड्याकडे बघितलं, त्यात राग नव्हता. "होय म्हटलं."

बाईंचा हात कागदावर थबकला. त्यांना एकदम एक उत्तरपत्रिका दिसली, तीस वर्षांपूर्वीची, तिरक्या अक्षरातली. नववा प्रश्न. पेपर म्हणजे हीच यादी, समोरच्या गाडीवर भरायची, आणि सगळ्या वर्गाने 'होय' एवढंच लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं : 'फिरतो, पण कोणत्या बाजूला ते बघावं लागेल.' आणि त्याखाली लाल शाईत त्यांचा स्वतःचा शेरा होता : 'विचारलं तेवढंच लिहावं. शून्य.'

एक गुण.

६

बाईंना घरी सोडायला ड्रायव्हरच निघाला. बाजाराच्या सिग्नलला रांग लागली होती. पंखा लागला, काटा किंचित हलला आणि मुकाट मध्यावर परत आला.

बाईंच्या मांडीवर यादीचा कागद होता. नवव्या प्रश्नाखाली त्यांनी पेनाने दोन शब्द लिहिले होते : 'कोणत्या बाजूला?' शहरभरच्या गॅरेजांतल्या प्रती बदलायला लागणार होत्या. चौतीस वर्षांत किती पोरांना डोळे मिटायला शिकवलं, हे मोजायची बाईंची छाती होईना. आयुष्यभर जगाला मूर्ख म्हणायचं आणि त्या मूर्खांचा छापखाना आपल्याच टेबलावर निघावा, ह्याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

समोर हॉर्न वाजत होते. ड्रायव्हर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ बघत होता. तीस वर्षांत ह्या माणसाने एकदाही तो विषय काढला नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं म्हणा.

"त्या नवव्या प्रश्नाला," बाई शेवटी म्हणाल्या, "चूक माझी होती का?"

"होय, बाई."

बाई पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या. 'पण' नाही तर 'तरी', 'जाऊ द्या आता', 'तुम्ही कुठे मुद्दाम केलंत', काहीही. वर्गात समोर उभं राहून पोरं त्यांच्या तोंडाकडे बघायची तशा त्या त्याच्याकडे बघत होत्या.

सिग्नल सुटला. ड्रायव्हरने गिअर टाकला. विचारलं होतं तेवढं त्याने सांगितलं होतं.